पिशवीबरोबर ओव्हरीजही गेल्या: त्यानंतरची जवळीक, दुखणं आणि हार्मोन्स

अबोली_मुलुंड | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार. इथे सहा-सात वर्षं नुसती वाचक आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहिते. हा धागा काढू की नको यात तीन आठवडे गेले. सासूबाई हॉलमध्ये झोपल्यात, हे नाइट शिफ्टला आहेत, म्हणून आज लिहूनच टाकते.

वय ४२. मागच्या ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. फायब्रॉइड्स, म्हणजे पिशवीतल्या गाठी, मोठ्या होत्या, महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचं, हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. पिशवी काढायला माझी काहीच हरकत नव्हती. आदल्या संध्याकाळी सही घ्यायला आले तेव्हा कळलं की ओव्हरीज, म्हणजे अंडाशयही काढणार, "पुढे कॅन्सरची भीती नको". आम्ही दोघांनी मान डोलावली. काय विचारायचं असतं तेच माहीत नव्हतं. आपल्याकडे "पिशवी काढली" एवढ्यात सगळं येतं ना. आईची काढली, मावशीची काढली, वरच्या मजल्यावरच्या काकूंची काढली. त्यातल्या कोणाच्या ओव्हरीज राहिल्या आणि कोणाच्या गेल्या, हे कधी कोणी वेगळं सांगितलं नाही.

टाके सुकायच्या आधीच वाफा सुरू झाल्या. डिसेंबरात लेडीज डब्यात सगळ्या बायका स्टोल गुंडाळून बसलेल्या आणि माझा ब्लाउज पाठीला चिकटलेला. रात्री तीनला जाग, मग झोप नाही. हे सगळं सहन केलं असतं. पण दुसरं जे झालंय ते कोणाशी बोलावं कळत नाही.

दोन महिन्यांनी तपासून "सगळं नॉर्मल" म्हणाले. त्यानंतर आम्ही जवळ आलो, तर ठेच्याचा हात लागावा तशी आग. दोन दिवस लघवीला जळजळ. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच, वर थोडं रक्त. आता ह्यांनी खांद्यावर हात ठेवला तरी माझं अंग आवळतं. आणि याहून जास्त जे छळतं ते सांगते. दुखण्याचं बाजूला ठेवलं तरी मनातच येत नाही. पूर्वी हे रात्रपाळी करून यायचे, अंघोळ करून केस पुसत उभे राहायचे, तेवढ्यानेसुद्धा मला काहीतरी व्हायचं. आता तेच दृश्य समोर असतं आणि मला एवढंच दिसतं की ओला टॉवेल दोरीवर टाकायचा राहिलाय.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना हिय्या करून विचारलं. उत्तर मिळालं, "दोन मुलं झाली, आता काय राहिलंय?" मी पर्स उचलून बाहेर आले आणि रिक्षात रडले.

कोणी यातून गेलंय का? हार्मोन्स घ्यावेत का? कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का?

---

चाफेकळी | १० जून, सकाळी ७:०५

अबोली, आधी एक घट्ट मिठी. मी ४५, माझी नुसती पिशवी काढली, ओव्हरीज ठेवल्या. पाळी गेली, बाकी काही बदललं नाही, म्हणून मैत्रिणींना छातीठोकपणे सांगत फिरायचे की "काही होत नाही गं". तुझं वाचून पोटात कालवलं. कोणाला काय सांगून बसले असेन!

---

पांढराकोट | १० जून, दुपारी ३:१०

अबोली, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मुंबईतल्याच एका पालिका रुग्णालयात बरीच वर्षं काढली. इथून औषध लिहून देता येणार नाही, पण काय विचारायचं ते नक्की सांगता येईल.

पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड काढ. त्यावर "टीएएच विथ बीएसओ" असं काहीसं असेल. टीएएच म्हणजे पिशवी, बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशय. ही तीन अक्षरं फार मोठी आहेत. नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा अंडाशय काही वर्षांत हळूहळू मंदावतात आणि पाळी गेल्यावरही थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात. हो, बायकांच्या शरीरातही ते असतं आणि त्यातलं जवळपास निम्मं अंडाशयांकडून येतं. तुझ्या बाबतीत हे सगळं एका दुपारी थांबलं. म्हणून तुझ्या वाफा आईच्या वाफांपेक्षा तीव्र आहेत. यात तुझी सहनशक्ती कमी पडलेली नाही.

आता मुद्द्याचं. तू दोन तक्रारी एका दमात लिहिल्यास, त्या वेगळ्या कर. दुखणं एक आणि इच्छा नसणं दुसरं. उपायही वेगळे आहेत.

दुखण्याचं कारण त्या जागी आहे. इस्ट्रोजेनमुळे योनीचं अस्तर जाड, ओलसर आणि ताणलं जाणारं राहतं. अस्तरातल्या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, ते आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ होतं, हे जिवाणू कमी होतात, पीएच ५च्या वर जातो. मग आग, चिरा, रक्त आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन. हे आपोआप बरं होत नाही, वाढतच जातं. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा ठेवायची गोळी असते. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात फार कमी उतरतं. फरक कळायला काही आठवडे लागतात, पूर्ण फायद्याला तीन महिने धर. आठवड्याभरात काही झालं नाही म्हणून ट्यूब फेकून देणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

इच्छेबद्दल रात्री लिहिते, ओपीडी आहे.

---

सुमन_गिरगाव | १० जून, संध्याकाळी ६:३०

मुली, मी ६१ वर्षांची आहे. माझं ऑपरेशन १९९८मध्ये झालं, ओव्हरीजसकट. वय तेव्हा किती ते तूच मोज. हार्मोन्सचं नाव कोणी काढलं नाही, मीही विचारलं नाही. दुखायचं म्हणून मी मुलीजवळ झोपायला लागले. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिथेच झोपत राहिले. आमचे हे २०१७ला गेले. एकोणीस वर्षं एकाच घरात दोन खोल्यांत. भांडण एक दिवसाचंही नव्हतं.

मागच्या वर्षी नळाखाली बादली उचलताना मनगट मोडलं. हाडांची तपासणी केली तर ऑस्टिओपोरोसिस. त्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, ओव्हरीज कधी काढल्या? मला आधी कळेचना मनगटाचा आणि त्याचा काय संबंध.

तू गप्प राहू नकोस एवढंच सांगते.

---

पांढराकोट | १० जून, रात्री १०:४५

सुमनताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या पुढच्या मुद्द्याआधीच यायला हवं होतं. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले आणि हार्मोन्स घेतले नाहीत, तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. म्हणून अशा बायकांना, घेण्यात अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक पाळी गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन्स द्यावेत असंच आजचं शास्त्र सांगतं. शरीरातून जे अवेळी काढून घेतलं तेवढं परत देणं, इतकाच त्याचा अर्थ.

कॅन्सरच्या भीतीचं मूळ अमेरिकेतल्या वूमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात आहे. २००२मध्ये त्यातला एक भाग मधेच थांबवला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पिशवी काढलेल्या बायकांचा गट वेगळा होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४मध्ये थांबवला तो पक्षाघाताचं प्रमाण थोडं वाढल्यामुळे. स्तनाचा कॅन्सर त्या गटात वाढला नव्हता. बातम्यांत मात्र दोन्ही गट एकच झाले आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

अबोली, तुझी पिशवी नाही. त्यामुळे प्रोजेस्टेरॉनची सहसा गरज नाही, ते पिशवीच्या अस्तराच्या रक्षणासाठी असतं. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं, किंवा त्याचीच चॉकलेट सिस्ट असलेल्यांचं गणित वेगळं असू शकतं, त्यांनी काढलेल्या भागाच्या तपासणीचा (हिस्टोपॅथॉलॉजी) रिपोर्ट घेऊन जावं.

गोळी की जेल हेही विचार. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं, रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढवतं. कातडीवर लावायच्या जेलने किंवा पॅचने तसं होताना दिसत नाही. आणखी एक गोष्ट, जी तुझ्या कामाची आहे: गोळीमुळे रक्तात एक प्रथिन वाढतं, ते उरलंसुरलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. इच्छा हीच तक्रार असेल तर जेल बरं.

एवढं करून, दुखणं थांबून, झोप लागायला लागूनही इच्छा परत आली नाही आणि त्याचा तुला त्रास होत असेल, तर टेस्टोस्टेरॉनचा विचार होतो. २०१९मध्ये जगभरातल्या संस्थांनी मिळून यावर निवेदन काढलं: पाळी गेलेल्या बायकांत, त्रास देणाऱ्या कमी इच्छेसाठी, बायकांच्या शरीरात मुळात असतं तेवढ्याच पातळीपर्यंत. आपल्याकडे बायकांसाठी वेगळं बनवलेलं उत्पादन सहज मिळत नाही, पुरुषांचं जेल अगदी थेंबभर मात्रेत देतात. म्हणून ते अनुभवी डॉक्टरच्या नजरेखालीच, रक्ततपासण्या करत. मात्रा जास्त झाली तर पुरळ, हनुवटीवर केस, आवाज जाड होणं, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून "तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे, घ्या" म्हणणारा भेटला तर घाई करू नकोस. आकड्यावरून इच्छा मोजता येत नाही.

सुमनताई, तुमच्यासाठी: साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर पोटातून घ्यायचे हार्मोन्स सहसा नव्याने सुरू करत नाहीत. पण लघवीची जळजळ, कोरडेपणा असेल तर ते क्रीम तुम्हालाही चालेल. त्यासाठी नवरा असायलाच हवा असं नाही.

---

लोअर_परळकर | ११ जून, रात्री १२:२०

पुरुषांनी इथे लिहावं का माहीत नाही, राहवलं नाही. माझ्या पत्नीचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. ती हात झटकायची. मी ठरवून टाकलं की मी तिला नकोसा झालोय. मग मीही चिडचिड करायचो, मुद्दाम उशिरा घरी यायचो. सहा महिन्यांनी ती एकदा भांडणात ओरडली, "दुखतं मला, कापल्यासारखं दुखतं!" मी उभाच राहिलो. सहा महिने मला वाटलं तिचं मन उडालं, आणि ती दुखणं गिळत होती.

डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यांनी मला बाहेर बसवलं नाही, समोर खुर्ची दिली. तीन महिने संबंध नाहीत असं आम्हीच ठरवलं, बाकी जवळ झोपायचं, पाठ चोळून द्यायची, बस. ती निर्धास्त झाली, कारण मिठी पुढे कुठे जाणार नाही हे तिला माहीत होतं. अबोलीताई, तुमच्या मिस्टरांना ही पोस्ट वाचायला द्या.

---

फिजिओ_शिवडी | ११ जून, सकाळी ९:१५

परळकरांनी नकळत उपचारच सांगितला. एकदा दुखलं की पुढच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळून धरतात, क्रीमने अस्तर बरं झालं तरी ती सवय राहते. पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपीत हे स्नायू सैल सोडायला शिकवतो, गरज वाटली तर डायलेटर, म्हणजे योनी हळूहळू सैल करायची गुळगुळीत नळी, वापरून. इंटरनेटवर पाहून कीगलचे, म्हणजे हे स्नायू आवळायचे, व्यायाम सुरू करू नका. आवळलेल्याला आणखी आवळून दुखणं वाढतं.

---

चाफेकळी | ११ जून, सकाळी ११:४०

खोबरेल तेल चालतं का? आमच्या शाखेतल्या एका मॅडमनी सांगितलं होतं. आणि शतावरी?

---

पांढराकोट | ११ जून, दुपारी ४:००

खोबरेलाने बऱ्याच जणींना बरं वाटतं, पण कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने रबर फाटतं. त्या वेळेपुरतं पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट, आणि एरवी आठवड्यातून दोन-तीनदा व्हजायनल मॉइश्चरायझर, ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. सुगंधी वॉश, डेटॉलचं पाणी, साबण हे सगळं बंद. शतावरी घ्यायची तर वैद्यांना विचारून घ्या, पण तिच्या भरवशावर हाडं सोडू नका.

---

नीलपंख | १२ जून, रात्री ९:३०

मला हार्मोन्स चालत नाहीत, म्हणून माझ्यासारखीसाठी लिहिते. स्तनाचा कॅन्सर, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोन्सवर वाढणारा, उपचार टाटामध्ये. बीआरसीए पॉझिटिव्ह, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असलेली, निघाले म्हणून ३९व्या वर्षी अंडाशयही काढले. मला आधी नीट समजावून सांगितलं होतं, तरी सांगणं आणि भोगणं वेगळंच.

माझ्याकडे आधी बिनहार्मोनचे उपाय झाले: हायल्युरोनिक ॲसिडचं मॉइश्चरायझर, ल्युब्रिकंट, फिजिओ. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन दिलं. पॅरोक्सेटिन नावाचं दुसरं एक औषध वाफांसाठी देतात, पण मी टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळीवर होते आणि ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं, म्हणून टाळलं. कोणी जनरल डॉक्टर लिहून देत असेल तर आधी ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, दाखवा. टिबोलोन हे हार्मोनसारखं काम करणारं औषधही आमच्यासारख्यांना वर्ज्य, त्याने आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलंय. योनीतल्या क्रीमचं माझ्या ऑन्कोलॉजिस्टशी बोलून वर्षभराने ठरलं. आपण होऊन केमिस्टकडून आणायचं नाही.

माझी बहीणही बीआरसीए पॉझिटिव्ह आहे, तिला कॅन्सर झालेला नाही. तिचे अंडाशय काढल्यावर तिला मात्र हार्मोन्स दिलेत. एकाच घरात दोन बहिणींना दोन उत्तरं. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी आपल्याला लागू होत नाही.

---

गोदाकाठ | १३ जून, पहाटे ५:५०

नाइट ड्यूटी संपवून लिहितेय, मी नर्स आहे, मूळची बीडची. २०१९मध्ये आमच्याकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ते आठवत असेल. माझी आत्या त्यांच्यासारखीच. ३१व्या वर्षी पिशवी काढली, कारण पाळी म्हणजे खाडा आणि खाड्याचे पैसे कापतात. आज ४४ची आहे आणि साठीची दिसते. अंडाशय काढले की ठेवले, तिला माहीत नाही. कागद पुरात गेले. आता कळू शकतं का?

---

पांढराकोट | १३ जून, सकाळी ८:२०

कळू शकतं. सोनोग्राफी आणि एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी (अंडाशय थांबले की ते वाढतं), यावरून बराच अंदाज येतो. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची तपासणी, तीही करून घे. तिला इथे आणता आलं तर मला व्यक्तिगत निरोप पाठव, पालिकेच्या ओपीडीत केसपेपरच्या पैशात होईल.

---

अबोली_मुलुंड | २८ सप्टेंबर, रात्री १०:१५

तीन महिन्यांनी येतेय, गणपती-गौरी उरकून. सगळ्यांचे निरोप वाचले होते, उत्तर द्यायला काहीतरी हातात हवं म्हणून थांबले.

दादरला दुसऱ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. जाताना डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि एका कागदावर "१. दुखतं २. इच्छा नाही" असं लिहून नेलं, तोंडातून शब्द फुटला नाही तर कागद पुढे करायचा म्हणून. तसाच केला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांगा." बीपी, मॅमोग्राफी, लिपिड, डेक्सा सगळं केलं. घरात कोणाला गुठळी, कोणाला स्तनाचा कॅन्सर, विचारलं. मग इस्ट्रोजेनचं जेल आणि क्रीम.

केमिस्टने क्रीम देताना मोठ्याने "ही योनीत लावायची आहे, माहितीये ना?" म्हटलं, मागे चार माणसं. मी म्हटलं, "माहितीये, म्हणूनच घेतेय." हे बाहेर स्कूटरवर थांबले होते, त्यांना सांगितलं तर कितीतरी दिवसांनी दोघं रस्त्यात उभे राहून हसलो.

जेल रात्री मांडीवर लावते, सुकेपर्यंत पाच मिनिटं पंख्याखाली बसते, हात धुते. तीन आठवड्यांत वाफा निम्म्या झाल्या, झोप लागायला लागली. क्रीमचा फरक दहाव्या आठवड्यात कळला. आधी लघवीची जळजळ गेली, मग बाकीचं. आम्हीही परळकरांसारखंच ठरवलं होतं, ह्यांना ती पोस्ट दिली. वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून बेडरूमच्या दाराला कडी बसवून घेतली. बारा वर्षं ती नुसती टेकवलेली असायची.

आता दुखत नाही. इच्छा पूर्वीसारखी नाही, खरं सांगते. आपण होऊन येत नाही, पण जवळ आल्यावर येते, आणि मग छान येते. वरच्या टोकाला, जिथे पिशवी होती, तिथलं ते आकुंचन पावणं आता नाही, ते मला आठवतं. क्लिटोरिसचं सुख मात्र जसंच्या तसं आहे, ऑपरेशनने त्याला हात लागलेला नाही हे डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं. टेस्टोस्टेरॉनचं डिसेंबरात बघू म्हणाल्या. मला घाई नाही.

---

शेवंता_घाटकोपर | ३० सप्टेंबर, दुपारी १:१०

ताई, माझ्या वहिनीचं गुरुवारी पिशवीचं ऑपरेशन आहे, वय ३९. "दोन्ही ओव्हरीज काढू" म्हणालेत. आता विचारलं तर डॉक्टरांना राग येईल का?

---

अबोली_मुलुंड | ३० सप्टेंबर, दुपारी १:१८

राग आला तर येऊ दे. आजच जा. विचार: ओव्हरीजमध्ये काही आजार आहे का? एक तरी ठेवता येईल का? काढाव्याच लागल्या तर हार्मोन्स कधी आणि कोण सुरू करणार? तोंडी नको, संमतीपत्रावर लिहून घे.

---

पांढराकोट | ३० सप्टेंबर, दुपारी २:०५

बरोबर. आणि घरात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर तो लपवू नका, निर्णय त्यावर बदलतो. एक चांगला अंडाशय राहिला तरी हार्मोन्ससाठी सहसा पुरतो.

---

शेवंता_घाटकोपर | ३० सप्टेंबर, रात्री ९:४०

जाऊन आलो. वहिनी आत बोलली, मी बाजूला बसले. उजव्या बाजूला मोठी चॉकलेट सिस्ट आहे, ती ओव्हरी काढावी लागेल. डावी सोनोग्राफीत चांगली दिसतेय. डॉक्टर म्हणाले, पोट उघडल्यावर चांगली असली तर ठेवू. संमतीपत्रावर "दोन्ही" खोडून "उजवी" लिहिलं आणि शेजारी वहिनीने सही केली.